सहाचं इंजिन

बुधवार, ता. १४

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सर्व क्षेम, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिलं. फोन केला की तू "मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. पत्राला तसं मध्येच कापता येत नाही.

आधी तुझ्या सौरऊर्जेची खुशाली. बेटावर आता दिवसरात्र वीज असते. दवाखान्यातला लशींचा फ्रीज पाच महिन्यांत एकदाही बंद पडला नाही. नर्सबाई तुला दुवा देतात. पॅनल मी रोज सकाळी पुसते. समुद्रपक्ष्यांना साऱ्या बेटावर बसायला तेवढीच जागा पसंत पडलीय. तुझ्या कामाची इतकी मनापासून दखल आणखी कुणी घेतलेली नाही.

आता तुझं बेटाच्या वीज समितीला आलेलं खरमरीत पत्र. बॅटऱ्या गच्च भरलेल्या असताना जुनं डिझेल इंजिन रोज संध्याकाळी सहाला अकरा मिनिटं चालतं, हे तुला तिकडे ऑफिसात पडद्यावर दिसतं. "हा बाबांचाच हट्ट. एक तारखेपासून तेलाची झडप मी इथूनच बंद करतो. बॅटऱ्या उतरल्याशिवाय उघडणार नाही. मग फिरवत बसा म्हणावं हँडल!" वा! बत्तीस वर्षं ते इंजिन सांभाळलेल्या माणसाला काय पण निरोप!

दादा, बाबा तीन महिन्यांत इंजिनघरात गेलेलेच नाहीत. घरापासून साठ पावलं, पण त्यांना वाट सापडत नाही. शेवटचे निघाले ते धक्क्यावर सापडले, एका पायात चप्पल. वर मलाच विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या?" म्हटलं, "तुमचीच. दुसरं कोण ठेवून घेणार?" हसले. हसणं तेवढं जुनं राहिलंय.

इंजिन मी लावते.

सहा वाजले की ते कासावीस होतात. "इंजिन का नाही लागलं? लोक अंधारात बसतील!" हे तुझ्या लख्ख दिव्याखाली बसून. समजावून समजावून माझा घसा बसला. शेवटी एके दिवशी मीच गेले आणि लावलं. परत येऊन बघते, तर बाबा खुर्चीत शांत. कान तिकडे. म्हणाले, "पोरगा आला वाटतं."

तू कॉलेजला जाईपर्यंत सहाचं इंजिन तूच लावायचास ना!

त्या अकरा मिनिटांत ते चार घास खातात. आवाज थांबला की दाराकडे बघत बसतात. मी सांगते, हात धुतोय. थोड्या वेळानं विसरतात.

"इंजिनाचा गळा घोटणार असशील तर या घराची पायरी चढू नकोस," हे स्वतःच तुला बोलले होते, तेही बाबा विसरलेत. आता ते वाक्य एकट्या तुझ्याच लक्षात आहे. कुठवर सांभाळणार?

झडप खुशाल बंद कर. फक्त सहा वाजता त्यांना काय सांगायचं, तेवढं लिहून पाठव. शिकलेला तू आहेस.

नाहीतर शनिवारी इकडे येणारी लाँच आहे. हँडल दाराच्या डाव्या खिळ्यालाच आहे. तू एका झटक्यात लावायचास. मला तीन लागतात. बाबा रोज मान हलवतात, "हात सुटलाय त्याचा. फार दिवस लांब राहिला."

तुझ्या वाटचं बोलणं खाणारी,
तुझी बहीण