टाकीतलं पाणी

अणशी,
ता. १२ मार्च १९६३

तीर्थस्वरूप पुंडलिकदाजी यांस लखूचा नमस्कार.

आईची प्रकृती ठीक आहे. ताराक्काही आहे. यंदा फणस बरे धरलेत.

लॉरीबद्दल लिहायचं होतं. मी चालवतो ती ठेकेदाराची जुनी डिझेल गाडी तुमच्याच हातची, बेळगावात पंप तुम्हीच बसवलात. परवा चढावर आचके देत बंद पडली. तुम्ही शिकवलंत तसं सगळं केलं. हातपंप मारला, नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून हवा काढली. बुडबुडे आले, मग डिझेल आलं. वाटलं, जमलं. तरी इंजिन धरेना. फिल्टरची वाटी उघडली तर तळाला पाणी. ओतलं, पुसलं, बसवलं. टाकीतून पुन्हा पाणीच. शेवटी बॅटरी उतरली आणि माझं डोकंही चालेना.

दाजी, मी लॉरीचंच लिहितोय, कारण दुसरं लिहायला हात धजत नाही. गाडीत अक्का होती. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आणली, आणि दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या. फुला सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, दांडेलीला दवाखान्यात न्या. मी नट पिळत होतो आणि ती केबिनमधून मला हाका मारत होती. जंगलातल्या गड्यांनी घोंगडीची झोळी करून तिला उचललं, पण वाटेतच झालं. मुलगा होता. रडला नाही. अक्का वाचली, पण बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते.

पाणी कुठलं ते मला घरी परतल्यावर कळलं. निघताना मी अक्काला गाडीत चढवत होतो, तेव्हा आईने बॉनेटला कुंकू लावलं आणि उळवीच्या जत्रेतून आणलेलं तांब्याभर तीर्थ टाकीत ओतलं. तिनेच सांगितलं. “गाडीच्या पोटात देवाचं तीर्थ हुतं, म्हणून माझी तारा तरी वाचली बघ.”

मी बैल आणायला उठलो.

बैल जुंपून लॉरी अंगणात आणली आहे. तुम्ही याल, पंप खोलाल, आणि तुम्हाला लगेच समजेल. आई शेजारीच उभी असेल. मूल तुमचं गेलंय, तुमचा राग अडवायला माझा काय हक्क? मला चार शिव्या द्या, हात उचला. पण तिने विचारलं तर एवढंच म्हणा, पंप जुना होता.

तुमच्या बाळाला मातीत ठेवलं ते हात जोडून,
तुमचा मेहुणा
लखू