बर्फावरची सहा मिनिटं

शनिवार, ९ नोव्हेंबर

सहा मिनिटं! आइस हॉकीची अख्खी मॅच संपली आणि माझा डाल्टन बर्फावर होता जेमतेम सहा मिनिटं. बाकी वेळ बाकावर बसून हेल्मेटचा पट्टा ओढत होता. तेवढ्या वेळातही गोल केला, ते कुणाला दिसलं? कप्तान ट्रेंट वीस मिनिटं मिरवला, त्याचाही गोल एकच. पण गावाच्या तोंडी नाव त्याचं!

वीस पूर्ण झाली पोराला. ज्युनिअर संघात खेळायचं शेवटचं वर्ष. यंदा एखाद्या कॉलेजने घेतलं तर खेळ आणि शिक्षण दोन्ही. नाहीतर बापासारखं धान्याच्या कोठारावर फावडं मारायचं जन्मभर. ह्याचा बाप, रॉन, आज असता तर त्याने कोचना जाब विचारला असता. आता मीच विचारणार.

शनिवार, १६ नोव्हेंबर

फोनवरचं घड्याळ लावून बसले. डाल्टन कठडा ओलांडून उतरला की चालू, परतला की बंद. ट्रेंटचं दुसऱ्या फोनवर. बोटं गारठून लाकूड झाली. शेजारी बर्नीस, ट्रेंटची मावशी — "काय गं मार्लीन, अंडी उकडतेयस का?"

हो, उकडतेय! बघच तू.

रविवार, १ डिसेंबर

हिशोब असा — पोराचे गोल आणि गोलासाठी दिलेले पास मोजायचे, आणि तो अख्खी मॅच, म्हणजे साठ मिनिटं, खेळला असता तर किती झाले असते ते काढायचं. तीनदा काढलं. संघात पहिला कोण? माझा डाल्टन! ट्रेंट चौथा!! त्या नादात बटाट्याच्या करंज्या, पियरोगी, तव्यावर करपल्या. करपू देत.

डाल्टनला दाखवलं. "वा, आई." एवढंच. हसला मात्र. बापासारखाच घुम्या.

मंगळवार, ३ डिसेंबर

कोच हॅमिलना रिंकच्या कॅन्टीनमध्ये गाठलं. कागद पुढ्यात आपटला. म्हटलं, सोन्यासारख्या पोराला बाकावर सडवताय तुम्ही.

त्यांनी वाचलं. उगाच कॉफी ढवळत बसले. "ठाऊक आहेत गं मला हे आकडे. चाललंय तसं चालू दे. विश्वास ठेव माझ्यावर."

विश्वास! विश्वासाने काय पोट भरतं?

शुक्रवार, १३ डिसेंबर

क्लबच्या कमिटीपुढे उभी राहिले. आधीच घरोघर आकडे सांगून आले होते, त्यामुळे निम्मे माझ्या बाजूने. अध्यक्ष म्हणाले, "बाई बोलतेय ते बरोबर आहे, हॅमिल. मिळू दे की पोराला वेळ." कोच माझ्याकडे बघतच राहिले. काहीतरी बोलणार होते, गिळलं. मग, "ठीक आहे. जानेवारीपासून."

जेवताना डाल्टन म्हणाला, "आई, कशाला गं?" म्हटलं, तू गप जेव. आईला कळतं.

शनिवार, ४ जानेवारी

सतरा मिनिटं! ओरडून ओरडून घसा बसला. गोल नाही झाला. होईल.

शनिवार, ११ जानेवारी

नाही झाला. समोरच्या संघाचे दोन धिप्पाड बचाववाले सारखे ह्याच्याच अंगावर. आधी कुठे होते मेले? डाल्टन कडेच्या फळीवर आपटला तेव्हा मी उभी राहून पंचावर ओरडले.

शनिवार, १८ जानेवारी

कॉलेजचा माणूस आला होता. मला आयत्या वेळी कळलं. राखाडी टोपी, कोपऱ्यात एकटाच. मी मनात देवाचा धावा करतेय — आज तरी, आज तरी! आणि डाल्टनच्या काठीवर पक, ती रबरी चकती, ठरेना. दम लागून गुडघ्यांवर हात टेकून उभा. दुसरा डाव संपला तसा तो माणूस उठून गेला. कोचना भेटलासुद्धा नाही.

बाहेर उणे तीस. डाल्टनने गाडीची काच खरवडली.

सोमवार, २० जानेवारी

"नाही म्हणाले ते." डाल्टन ताटल्या विसळत म्हणाला, माझ्याकडे पाठ करून. जवळ जावंसं वाटलं. गेले नाही.

पुन्हा हिशोब केला. आता संघात शेवटून दुसरा. पोर तेच, काठी तीच. कागद फाडून टाकला आणि खूप रडले.

मंगळवार, २१ जानेवारी

कोच आले. डाल्टन कामावर होता. बूटही न काढता दारातच उभे राहिले.

"मी त्याला मुद्दाम सोपी मिनिटं देत होतो, मार्लीन. समोरचे दमले, त्यांची कच्ची पोरं उतरली, की डाल्टनला सोडायचं. म्हणून तुझ्या कागदावरचा तो मोठा आकडा. त्या कॉलेजवाल्याला आकडाच लागतो. त्याचा होकार आला होता गं! फक्त एकदा नजर टाकायला येणार होता. तेव्हाही मी सहा मिनिटंच खेळवणार होतो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्या तोंडात तीळ तरी भिजतो का?"

नाही भिजत. खरंय. गावभर केलं असतं मी, आणि गावातून ते कॉलेजात गेलं असतं. कोचना चहा विचारायचंही सुचलं नाही. माझ्याच हाताने लेकराच्या अन्नात माती कालवली मी!

बुधवार, २२ जानेवारी

डाल्टनला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. विचारलं, मग मला अडवलं का नाहीस रे? बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "बाबा गेल्यापासून तू पहिल्यांदाच हौसेने घराबाहेर पडत होतीस, आई."