उलटे नऊ मीटर

प्रिय मामा,

टेबलावर वाकून लिहिते आहे, तेव्हा नमस्कारही त्यातच पोचला असं समजा. गुडघा कसा आहे? मामी फोनवर सांगत होती की कानातलं यंत्र तुम्ही पाहुणे उठून गेल्यावरच लावता. (मागच्या महिन्यात मी आले होते तेव्हाही ते डबीतच होतं. म्हणून हे पत्र. जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.) आम्ही सगळे बरे आहोत. थोरलीची परीक्षा संपली, धाकटीची सुरू झाली आणि माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. दगड अजून दिसतात.

दगडांवरूनच सुरुवात करते. आपल्या तेलक्षेत्रातली पहिली विहीर खोदायला घेतली त्याला पुढच्या महिन्यात पंचवीस वर्षं होतील. त्यानिमित्त कार्यालयाच्या दर्शनी दालनात एक लांबलचक काचेची पेटी बसवली आहे. त्या विहिरीतून सलग कापून वर काढलेला नऊ मीटरचा दगड, म्हणजे आपला तो गाभा, तिच्यात मांडायचा आणि खाली पाटी लावायची. पाटीचा मजकूर माझ्या सहीसाठी आला, कारण आता इथली मुख्य भूवैज्ञानिक मी. चारच ओळी होत्या. तिसरी ओळ अशी: ‘खोदकामातील चुकीमुळे ही विहीर सोडून द्यावी लागली.’ मी तो कागद खाली ठेवला, त्यावर वजन ठेवलं आणि दोन दिवस त्या टेबलाशी बसलेच नाही. खोदकाम म्हणजे तुम्ही. ड्रिलर तुम्ही होता, ब्रेकचा दांडा तुमच्या हातात होता आणि जमिनीत कायमचा राहिला तो पाईपही तुमच्याच नावावर लागला. घरातल्या प्रत्येक कार्यात कोणीतरी विचारतंच, ‘मामा, पाईप सापडला का?’ आणि तुम्ही म्हणता, ‘शोधतोय, तुझ्याच घराखाली असेल.’ सगळे हसतात. मीही हसते. माझं हसणं सगळ्यांत मोठं असतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आपल्या क्षेत्राची रचना इतकी साधी आहे की शाळेची मुलं बघायला येतात तेव्हा मी ती हातानेच समजावते. दगडाचे थर एकावर एक, आणि मधेच पालथ्या परातीसारखे फुगून वर आलेले. वर घट्ट चिकणमातीच्या दगडाचं झाकण. झाकणाखाली वाळूचा दगड. त्या वाळूच्या बारीक छिद्रांमध्ये वरच्या बाजूला तेल आणि त्याखाली पाणी. मुलांना हे दोन मिनिटांत कळतं. आम्हाला कळायला एक विहीर, बाराशे मीटर पाईप आणि एक मामा खर्ची घालावा लागला.

तो दिवस तुम्हाला आठवतच असेल, पण तुम्ही वर खोदयंत्राच्या मंचावर होता आणि मी खाली, त्यामुळे माझ्या बाजूने सांगते. आमचे साहेब दाढ सुजल्यामुळे तंबूत आडवे होते. गाभ्याची नळी वर आली आणि तुकडे पेट्यांत मांडायचं काम पहिल्यांदाच माझ्या एकटीवर आलं. मी बावीस वर्षांची, नोकरीला सहा आठवडे झालेले. आता, नळी टांगलेली असते आणि दगड तिच्या खालच्या तोंडातून निघतो. म्हणजे जो तुकडा पहिला हातात येतो तो सगळ्यांत खालचा. हे पुस्तकात नव्हतं. (पुस्तकात गाभा आधीच पेटीत झोपलेला असतो, अंगावर नंबर घालून.) मी जो पहिला आला त्याला पहिला नंबर दिला. वरचं खाली, खालचं वर, नऊच्या नऊ मीटर, आणि प्रत्येक तुकड्यावर सुबक अक्षरात खोली लिहिली. अक्षराचं साहेबांनी कौतुक केलं. आयुष्यात माझ्या अक्षराचं झालेलं तेवढंच.

जबड्याला मफलर गुंडाळून साहेब पेट्यांवर वाकले. त्यांना काय दिसलं? वर राखाडी, ओला, बिनवासाचा दगड, आणि तळाशी तपकिरी, तेलाचा वास येणारा. त्यांनी ठरवलं की तेल आत्ता कुठे सुरू होतंय, खरा साठा अजून खाली आहे, चालू द्या. तेव्हा तुम्ही मंचावरून उतरलात, हात पुसलेत आणि म्हणालात, ‘साहेब, विहिरीतून परत येणाऱ्या चिखलाला बुडबुडे आले ते वरच. वास वर होता. आता नुसतं पाणी आहे.’ साहेब दातओठ न हलवता बोलले, ‘ड्रिलरचं नाक हे उपकरण नाही.’ खरं उपकरण, म्हणजे विहिरीत तार सोडून थर मोजणारी गाडी, पूल खचल्यामुळे नदीपलीकडे अडकली होती. तिची वाट बघायला हवी होती, पण वाट बघणं साहेबांच्या दाढेला मानवत नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी पेटीवरचा नंबर पुन्हा गिरवला.

पुढे तीनशे बारा मीटर. मग ती फुगणारी चिकणमाती, मग अडकलेला पाईप, मग अकरा दिवस तुम्ही त्याला ओढत, फिरवत, थांबून पुन्हा ओढत राहिलात. चौकशीत तुम्ही एकच वाक्य बोललात, ‘दांडा माझ्या हातात होता.’ तुमची बदली पाईपांचे आटे साफ करायच्या शेडमध्ये झाली, ती निवृत्तीपर्यंत. मला त्याच महिन्यात कायम केलं.

मला माझी चूक दीड वर्षाने कळली. दुसऱ्या विहिरीवर, आपल्या विहिरीपासून आठशे मीटरवर, तिथले म्हातारे फोरमन पेटीच्या पलीकडच्या टोकापासून तुकडे मांडत होते. मी विचारलं, असं का? ते म्हणाले, ‘बाई, बाळ पायाकडून आलं तरी निजवताना डोकं उशाकडेच करतात ना?’ मला आपल्या पेट्या आठवल्या. त्याच वाळूच्या दगडातून त्या विहिरीला तेल लागलं. आज एक्केचाळीस विहिरी आहेत. नकाशावर सगळे भरीव काळे ठिपके, आणि मधोमध एक पोकळ गोल, त्याला भोवती काटे, म्हणजे कोरडी विहीर. तुम्ही एकदा त्या गोलावर बोट ठेवून पाहुण्यांना म्हणाला होता, ‘हा माझा फोटो.’

मी हे कोणाला सांगितलंच नाही असं नाही. दाताच्या डॉक्टरांना सांगितलं, तोंडात कापूस असताना. (ते म्हणाले, चूळ भरा.) मामीला दोनदा सांगितलं, मिक्सर चालू असताना. तुम्हाला सांगायचं तेवढं राहून गेलं, राहून जाता जाता तेवीस वर्षं झाली.

मग गेल्या आठवड्यात मी भांडारात गेले. म्हटलं, पाटीचं नंतर बघू, आधी दगड तरी गुपचूप सुलटे करू. आमच्या भांडारपालांना सगळे ‘पावती’ म्हणतात, कारण त्यांच्याकडून खडाही पावतीशिवाय हलत नाही. त्यांनी फॉर्म पुढे केला. ‘कारण’ या रकान्यात मी लिहिलं, ‘उलटे आहेत’. ते म्हणाले, ‘कधीपासून?’ मी म्हटलं, पंचवीस वर्षं. ‘मग आजच कसली घाई?’ असं म्हणत त्यांनी पहिली पेटी उचलली आणि तिचा कुजलेला तळ निसटून सगळे तुकडे फरशीवर आले. त्यांवरचं माझं सुबक अक्षर केव्हाच पुसलं गेलं होतं. आम्ही दोघं गुडघ्यांवर. मी भिंग काढलं, कुठे जाड कण, कुठे बारीक, ते बघू लागले. ‘पावती’ मात्र एकेक तुकडा हातोडीने जरासा टवकायचे, नाकाशी धरायचे आणि मांडायचे. माझं भिंग पुसून होईपर्यंत त्यांची रांग लावून झाली, आणि ती बरोबर होती. मी विचारलं, कसं जमलं? म्हणाले, ‘त्यात काय मॅडम, तेल पाण्यावर तरंगतं. वासाचे वर, बिनवासाचे खाली.’ मी तिथेच फरशीवर बसून राहिले. त्यांना वाटलं गुडघा धरला. त्यांनी पाणी आणून दिलं, त्याची पावती मागितली नाही.

मामा, तुमचं नाक बरोबर होतं. एवढंच वाक्य लिहायचं होतं. ते लिहायला इतके कागद लागले.

गुडघ्याला शेक देत राहा. मामीला माझा नमस्कार सांगा, आणि मिक्सर चालू असताना मी काय म्हणत होते तेही आता सांगून टाका.

तुमची भाची

ता.क. पाटी बदलली आहे. साहेब आता नाहीत, त्यांच्या दाढेचा उल्लेख मी टाळला. तिसरी ओळ आता अशी: ‘गाभ्याचे तुकडे उलट क्रमाने मांडले गेल्याने तेलाचा थर ओळखला गेला नाही. ही चूक तेव्हाच्या प्रशिक्षणार्थीची.’ पुढे माझं नाव. संचालक म्हणाले, एवढं कशाला, ‘तांत्रिक कारणाने’ लिहा. मी म्हटलं, ते तांत्रिक कारण मीच आहे. माझ्या खुर्चीचं काय होईल ते माहीत नाही, पण पाटी कोरायला गेली आहे.

ता.क. दोन. खरं काम हे. लहानपणी बाबांचं भिंतीवरचं घड्याळ मी पाडलं आणि तुम्ही सांगितलंत, ‘माझा धक्का लागला.’ बाबा महिनाभर तुमच्याशी बोलले नाहीत. कार्यक्रमाला तुम्हाला पुढे बोलावतील, हातात माईक देतील, आणि तुम्ही काय बोलणार ते मला आत्ताच ऐकू येतंय. ते बोलू नका. हवामानावर बोला, गुडघ्यावर बोला, नाहीतर गप्प राहा. या वेळी मला वाचवू नका. पण या. आणि यंत्र लावून या, मला एकदा हळू आवाजात बोलायचं आहे.

ता.क. तीन. पेटीत सगळ्यांत वरच्या तुकड्याची जागा रिकामी ठेवली आहे. तो तुम्ही ठेवायचा. वरची बाजू कळावी म्हणून मी त्यावर बाण काढला आहे. तीनदा तपासला आहे. तरी ठेवण्याआधी एकदा नाकाशी धरून बघा.