दौरा गोड करण्याचा उपाय

सोम., ८ डिसें. जळगाव
पुन्हा दौरा. आमच्या शेती-साप्ताहिकाला रावेरच्या केळीचा वृत्तांत हवाय. मागच्या वेळी बोदवड स्टेशनवर गार समोसा खाऊन परतलो आणि घरी येऊन सौ.वर वसकलो. ती म्हणाली, "कामाला जाता की शिक्षा भोगायला? जाल तिथे एखादी आवडीची गोष्ट ठरवून जा की." पटलं. (तिचं पटतं, तिला सांगत नाही.) लगेच नानांना फोन. रावेरजवळचे केळीवाले, जुनी ओळख. म्हटलं, "परवा येतोय. शेतात भरीत होईल का?" नाना म्हणाले, "परवाच?" मग, "या ना भाऊ. होईल की."

बुध., १० डिसें. रावेर
तृप्त. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी भांड्यात ठेचलेली, वर कांद्याची पात, सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या. शेतात मोठी पंगत. केळीबद्दल जेमतेम विचारलं, पुऱ्यांबद्दल सविस्तर. नानांची मुलगी सुजाता आग्रह करकरून वाढत होती. तीही भारी खुशीत. उपाय लागू पडला. यापुढे प्रत्येक दौऱ्याला हाच.

तोच दिवस, परतीच्या गाडीत
वरचं खोडावंसं वाटतंय. नानांच्या शेजाऱ्याने मोटारसायकलवरून स्टेशनला सोडलं. वाटेत म्हणाला, "भाऊ, तुम्ही लय मोठे मानूस. तुमच्यापायी नानांनी धुळ्याचे पावने थांबवले."
"कुठले पाहुणे?"
"सुजाताले पाहायले येनार होते ना आज! नाना फोनवर म्हने, आमच्याकडे पेपरवाले साहेब येऊ राह्यले, पुढच्या हप्त्यात या. तिकडचे म्हने, मग साहेबालेच द्या पोरगी."
गाडी हलली. डब्यात बसल्या बसल्या वही काढली.

शुक्र., १२ डिसें.
नानांना फोन केला. आधी सांगायचं नाही का, म्हटलं. "पाहुन्याने तोंडाने मागितलं, भाऊ. त्याले नाही कसं म्हनावं?" खरंच. इथे मागितलेल्या जेवणाला कोणी नाही म्हणत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर मागितलं. अतिथीला देव मानावं असं शाळेत घोकलं होतं. देवाने दोन दिवस आधी फोन करून जेवण सांगावं, असं घोकल्याचं आठवत नाही.
नाना शेवटी हळूच म्हणाले, "स्थळ चांगलं होतं पन."
सौ.ला सांगितलं. "आवडीची गोष्ट ठरवा म्हटलं होतं. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या दिवशी, असं म्हटलं नव्हतं."
लेख लिहायला बसलो. केळीवर एक वाक्य सुचेना.

मंगळ., १६ डिसें. धुळे
नरडाण्याला एका कारखान्याच्या बातमीचं काम होतं. तिथून कोणाला न सांगता धुळे. नानांच्या शेजाऱ्याकडून पत्ता घेतलेला. मुलाचे वडील, सगळे आबा म्हणतात, ओट्यावर बसले होते. हात जोडून सांगितलं, दोष नानांचा नाही, माझा. माझ्या जिभेचा.
आबांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तो साहेब म्हंजे तुमीच? आमले वाटनं कलेक्टर व्हई."
घरातून बायकांचं हसू ऐकू आलं. मुलगा पाणी घेऊन आला. शांत, बरा वाटला. उठू लागलो तर आबा जेवायचा आग्रह करत, "रावेरले जेवनात, मंग आठे काय वाकडं शे? बसा."
बसलो. शेवभाजी झणझणीत. पुन्हा वाढून घेतली. पोटभर जेवून करायचं प्रायश्चित्त कोणत्याही शास्त्रात नसावं.
निघताना आबा म्हणाले, "रईवारले जाऊत आमी. नानाले सांगी द्या."
बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बऱ्याच दिवसांनी झोप...

गुरु., १८ डिसें.
नानांचा आवाज फोनमध्ये मावत नव्हता. "भाऊ, तुम्ही जुळवलं! रविवारी तुम्हीच पुढे बसा." दिवसभर स्वतःवर प्रसन्न. संध्याकाळी सुजाताचा फोन.
"काका, धुळ्याला तुम्हाला कोणी पाठवलं?"
"कोणी नाही ग. चूक माझी होती, म्हणून..."
"मला कुठे वाटली चूक? मला लग्नच नकोय आत्ता. नानांसमोर तोंड उघडत नव्हतं. तुमचं भरीत आलं आणि सुटले. तेवढ्यात धीर गोळा करत होते मी."
म्हटलं, मुलगा चांगला आहे, मी पाहिलाय.
"तुम्ही पाहिलाय. बरं."
फोन ठेवला तिने.
माझ्या भुकेपायी एकदा, माझ्या लाजेपायी एकदा. दोन्ही वेळा लग्न तिचं.

शनि., २० डिसें.
सौ.ने सगळं ऐकून घेतलं. "आता नानांकडे धावत जाऊ नका. आधी तिला विचारा." तोवर मी चपला घातल्या होत्या. काढल्या.
सुजाताला लिहिलं: 'मी नानांशी बोलू? तू म्हणशील तेच बोलेन, तेवढंच. नको म्हणालीस तर उद्या येतही नाही.' वाचल्याच्या निळ्या खुणा दुपारीच उमटल्या. उत्तर नाही. पुन्हा विचारावंसं वाटतंय, नाही विचारत.
आत्ता नानांचा फोन वाजतोय. उचलला की 'येतो' म्हणेन, मी मला ओळखतो. सुजाताचं काही आलेलं नाही.
वाजू देतोय.