कॉलरची बारा पानं

३ नोव्हें., सोम.
सुमन म्हणाली, तो डबा शेजारच्या कांताबाईंना देऊन टाका. डब्यात तिची सुई-दोऱ्याने विणायची लेस. नातीच्या फ्रॉकला कॉलर करत होती. जुलैत अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून झाकण उघडलेलं नाही.
डबा दिला नाही. दिला असं सांगितलंही नाही.
विद्याचा धुळ्याहून फोन. "बाबा, तुम्हाला एकट्याला झेपत नाही. डिसेंबरात आईला घेऊन जाते." सुमन हो म्हणाली. हल्ली सगळ्यालाच हो म्हणते.

५ नोव्हें.
डबा उघडला. बारा पानांची कॉलर, चार पूर्ण, पाचवं अर्धं. चौतीस वर्षं भुसावळच्या रेल्वे इंजिन शेडमध्ये फिटर होतो, कुठलाही सुटा भाग बघून कसा जोडलाय ते सांगायचो. हे कळेना. सुमनसमोर ठेवलं. म्हटलं, शिकव.
"तुम्हाला नाही जमायचं."
नाही म्हणाली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

९ नोव्हें., रवि.
कळलं ते लिहून ठेवतो. कापडाचे दोन पदर, वर नक्षीचा कागद. रेघेवर जाड दोरा ठेवून बारीक टाक्यांनी धरून ठेवायचा. ही चौकट. आतली जाळी म्हणजे काजाचे टाके, पण सैल. ते फक्त चौकटीला आणि आधीच्या ओळीला लटकतात. खालच्या कापडाला सुई लागता कामा नये.
माझी दर वेळी लागते.

११ नोव्हें.
सुईचं टोक पॉलिश पेपरवर घासून बोथट केलं. आता कापडात शिरत नाही. सुमनने बोटावर फिरवून बघितली. लवकर परत दिली नाही.

१६ नोव्हें., रवि.
तीन ओळी. घामाने दोरा मळतो, हाताला पावडर लावून बसतो. ती पलंगावरून सांगते, "ताण सारखा ठेवा. ओढू नका, नट नाही आवळायचा."

२२ नोव्हें.
भांडण. तिला राग आला की माहेरची अहिराणी येते. "हाई जाळी शे का गाठोडं? बठ्ठं उसवी टाका." मीही बोललो, तूच कर मग. बोलून गेलो. मी उसवत बसलो.
संध्याकाळी म्हणाली, "माझा चष्मा द्या. कुठे चुकतंय ते बघू द्या."

३० नोव्हें.
कापड सरकतं म्हणून तिने स्वतःच उजवा हात डाव्याने उचलून त्यावर ठेवला. वजन म्हणून. व्यायामाचे डॉक्टर म्हणतात, असाच वापरा, हाताला कामात घ्या. अर्धा तास तसाच ठेवला होता.

४ डिसें.
पाचवं पान सोडवलं. कापडाच्या दोन पदरांमध्ये कात्री घालून फक्त चौकट धरून ठेवणारे टाके कापायचे, मग पान आपोआप मोकळं होतं. मी जाळीचाही एक फास कापला.
"थांबा. हात लावू नका. नवा दोरा घ्या."
तिने सांगितलं तसं सांधलं. कापलेल्या टाक्यांचे राहिलेले तुकडे तिने डाव्या हाताने चिमट्याने उपटले. एकेक. वेळ लागला. मी मध्ये पडलो नाही.

२० डिसें., शनि.
विद्या आली, रिकामी बॅग घेऊन. सात पानं झालीत. पाचव्यावर बरोबर बोट ठेवलं, "इथपर्यंत आई, इथून बाबा."
सुमन म्हणाली, "पुढची दोन बघ. सुधारलीत."
विद्याने कपाट उघडलं, साड्या काढायला. सुमन म्हणाली, "राहू दे. पाच पानं राहिलीत."
"आई, बाबांचं वय बघ."
"मला दिसतंय. त्यांनाच विचार."
विचारलं. मी म्हटलं, थकतो. पण ती गेली तर मला पुढचं कोण सांगेल?
विद्या रडली थोडी. मग पोहे केले तिने. बॅग तशीच रिकामी घेऊन गेली. जानेवारीत पुन्हा बोलू म्हणाली. तिचंही चूक नाही.

२७ डिसें.
आठवं पान. सकाळी उन्हात बसलो होतो. सुमनने सुई मागितली, डाव्या हातात. डावखुऱ्याची ओळ उलटी जाते, ते तिलाही नवीन. पहिला फास सुटला. दुसराही. तिसरा थांबला, तिरपा.
तेवढ्यात विद्याचा फोन. आईला न्यायची तारीख ठरवायची म्हणते, संक्रांतीनंतर चालेल का.
मी सुमनकडे बघितलं. तिने मान वर केली नाही.
"नंतर करते म्हणावं. हात गुंतलाय."