कपावरची नावाची जागा

सॉ मिलची वस्ती,
२ मार्च १९१३

ती. सासूबाईंना विनीचा सा. न. वि. वि.

तुमचं पार्सल पोचलं. मुरंब्याची बरणी फुटली नाही. लोकरीचे मोजे बाळाला मोठे होतात, पण हिवाळ्यापर्यंत बसतील. मोज्यांच्या खाली ऑगस्टाचा कप निघाला. तुम्ही लिहिलंत की कप तयारच आहे, त्यावर सोन्यात नावही आहे, तर बाप्तिस्म्याला हिच्या ओठाला तोच लावू आणि नावही तेच ठेवू.

मला शाळा फारशी नाही, गोड लिहिता येत नाही. सरळ सांगते, मला भीती वाटते. माझी ऑगस्टा डांग्या खोकल्यानं गेली त्याला अजून वर्ष झालं नाही. तिच्या कपातलं दूध मी हिला कसं पाजू? मला हिचं नाव माझ्या आईचं ठेवायचंय, हेटी. तुमच्या लेकाला, क्लेमला विचारलं तर म्हणतो, तुम्ही दोघी काय ते बघून घ्या. आणि टोपी घालून मिलवर जातो.

कप त्याच कागदात गुंडाळून परत पाठवतेय. राग आला तरी लोभ कमी करू नका.

तुमची
विनी


बॅलरॅट,
९ मार्च

चि. विनीला आशीर्वाद.

कप आला. टवका उडाला नाही, तेवढी अक्कल वापरलीस. बाकी पत्र वाचून डोकं फिरलं. अगं, मी स्वतः माझ्या मेलेल्या बहिणीच्या नावाची आहे. मी मेले का? पॅस्कोंच्या घरात ऑगस्टा नाही असं कधी झालं नाही, आणि ते तुझ्यापासून सुरू व्हायला नको.

तरी तुझा हट्ट म्हणून कोरा कप पाठवते, सोबत रंग आणि नावासाठी सोन्याची बाटली. आमची रीत तुला माहीत आहे. कपावर फुलं बाळाच्या आईनं काढायची. नावही तिनंच घालायचं. तिनं जागा मोकळी सोडली तर घरातली थोरली बाई घालते. तेव्हा शहाणपणानं वाग.

तू ब्रश डावासारखा धरतेस, तसा धरू नकोस. गुलाबी रंगाला पिवळा लागू देऊ नकोस, भट्टीत पिवळा गुलाबीला खाऊन टाकतो. बाटलीतलं सोनं चिखलासारखं तपकिरी दिसेल, घाबरू नकोस, भाजून घासलं की उजळतं. आणि भाजायच्या आधी कप फक्त कानाला धरायचा. कच्चा रंग नुसत्या अंगठ्यानं पुसला जातो. भाजल्यावर मात्र काही केल्या निघत नाही.

बाळाच्या छातीला तेल चोळत जा. मी बोलते तेवढी वाईट नाही, हे ध्यानात असू दे.

तुझी सासू
ऑगस्टा पॅस्को


सॉ मिलची वस्ती,
२३ मार्च

ती. सासूबाईंना सा. न. वि. वि.

कप झाला एकदाचा. तुम्ही बायका हे हौसेनं कसं करता देव जाणे. मी टेबलाशी बसले की बाळ रडतं, बाळ निजलं की मिलचा भोंगा होतो. वरून लाकडाचा भुसा उडतो, आणि तेलाच्या वासानं माश्या येतात. पहिली फुलं बीटासारखी दिसत होती, पुसली. मग पानं जाड झाली, तीही पुसली. एक माशी चिकटली, तिला काढताना फांदीच गेली. शेवटी मी कप ढकलून दिला आणि रडले. मग परत ओढून घेतला.

आमच्या घरामागे जी हीथची गुलाबी रानफुलं उगवतात, तीच काढली आहेत. तुमच्यासारखी नाही आली, पण हीथ आहे हे कळतं.

नावाबद्दल पत्रात परत वाद घालत नाही. कप उघडाल तेव्हा माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला दिसेलच. तुम्ही समजून घ्याल एवढीच आशा आहे. क्लेम टोपीच्या खोक्यातून कप घेऊन येतोय. येत्या भट्टीत तो तसाच भाजा.

बाळ आणि मी तुमची आठवण काढतो.

विनी


बॅलरॅट,
३० मार्च

चि. विनी, पोरी,

खोकं उघडलं आणि मला रडूच आलं. तुझी वेडीवाकडी हीथ, आणि तिच्या खाली माझ्यासाठी मोकळी ठेवलेली जागा! मी तुला काय काय बोलले, आणि तू एक अक्षर न लिहिता मला मान दिलास. त्याच संध्याकाळी मी माझ्या हातानं ‘ऑगस्टा’ घातलं आणि शनिवारी भाजलं. गुलाबी सुरेख उतरलाय. एका पानात माशीचा पाय भाजला गेलाय, तो मी कुणाला दाखवणार नाही.

केक मी करते. तुला माझ्या मुलीच्या जागी धरलंय, ते आजपासून जास्तच.

ऑगस्टा पॅस्को


सॉ मिलची वस्ती,
३ एप्रिल

सासूबाईंना नमस्कार.

मी जागा मोकळी सोडली नव्हती. मी ‘हेटी’ लिहिलं होतं. जीभ दातात धरून लिहिलं होतं.

क्लेमला धरून विचारलं तेव्हा बाहेर आलं. स्टेशनावर यानं आपल्या दोस्ताला दाखवायला कप बाहेर काढला, आणि पडू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग अंगठा तपकिरी दिसला, तर याला वाटलं आधी खाल्लेल्या मटणाच्या पेस्ट्रीचा रस्सा लागलाय. विजारीला पुसला, कपही पुसला. वर मला म्हणतो, मी तर साफ करून दिला.

माझ्या मुलीचं नाव त्याच्या विजारीवर आहे, सासूबाई. हसू येत असेल तर हसा, मला येत नाही. आणि आता ते दुसरं नाव भाजलं गेलंय, ते निघायचं नाही.

मंगळवारपासून बाळाला खोकला आहे. डॉक्टर म्हणाला साधी सर्दी आहे. मागच्या वेळी पण आधी असंच म्हणाले होते. मी रात्रंदिवस तिच्या छातीला कान लावून बसते.

तुम्हाला वाटत असेल मी अपशकुनाला घाबरते. तसं नाही. ऑगस्टा म्हटलं की मी अजून त्या रिकाम्या पाळण्याकडे धावते. हिला त्या नावानं हाक मारली तर मी कुणाला बोलावत असेन? म्हणून मी हिला काहीच म्हणत नाही, नुसतं बाळ म्हणते. तीन महिन्यांच्या पोरीला नाव नाही.

विनी


बॅलरॅट,
६ एप्रिल

चि. विनी,

तुझं पत्र काल आलं. आधी रागच आला, क्लेमचा, तुझा, सगळ्यांचा. मग भांडी घासताना एक गोष्ट आठवली. माझी आई मला हाक मारायची ना, तेव्हा मी समोर उभी असले तरी आधी माझ्या मागे बघायची. मग माझ्याकडे. लहानपणी मला वाटायचं माझ्या मागे कुणी उभं असतं. इतकी वर्षं मी हे कुणाला बोलले नाही.

नवा कोरा कप काढून ठेवलाय. बाळाचा खोकला थांबला की तिला घेऊन तू स्वतः ये. फुलं आणि नाव इथे बसून काढ. भट्टी माझ्या अंगणातच आहे, कपाला कुठे जायला नको. क्लेमला हात खिशात ठेवायला सांग.

तोवर मला रोज एक ओळ टाक. नुसतं ‘बरी आहे’ लिहिलंस तरी चालेल.

तुझी
ऑगस्टा


सॉ मिलची वस्ती,
४ मे

ती. सासूबाईंना सा. न. वि. वि.

कप आज पोचला. क्लेमनं खोक्याला हातसुद्धा लावला नाही, बायबलसारखं लांबूनच बघत होता. खोकला पूर्ण गेलाय, आता फक्त भूक आहे.

मी तुमच्याकडून निघाले तेव्हा नाव अजून ओलं होतं. त्यातली दोन इंग्रजी टी अक्षरं कलंडलेली होती, आपल्या मागच्या कुंपणाच्या खांबांसारखी. मी बघितलं होतं, तुमच्या हातात रंग पुसायची टर्पेन्टाइनची चिंधी होती. वाटेत सगळा वेळ मला वाटत होतं की भट्टीत घालायच्या आधी तुम्ही ती सरळ करणार. आज कागद सोडला. सोनं उजळलंय, आणि दोन्ही अजून तशीच कलंडलेली आहेत.

ऑगस्टाचे दोन्ही कप तुमच्या फडताळात राहू द्या. बाप्तिस्म्यानंतर पाहुणे गेले की आपण दोघी त्यांतून चहा घेऊ. तिचं नाव तेव्हा तुम्ही घ्या, मी ऐकेन.

मघाशी मी कप हातात धरून हाक मारली, ‘हेटी’. ती माझ्याकडे बघायला लागली. मी पण तिच्याकडेच बघितलं, सासूबाई.

येताना केक छोटा आणू नका. आमच्यावर माया आहेच, ती थोडी क्लेमवरही राहू द्या.

तुमची
विनी