पिशवीतलं माप

सोमवार, तारीख ३
आज अतिदक्षता विभागातून सुटलो. वॉर्डात खिडकीपाशी खाट मिळाली, नशीबच म्हणायचं. थोरलीने ही वही दिली. म्हणाली, बाबा, माझ्यामागे कुरकुर करण्यापेक्षा हिच्यात करा. पोटातलं अर्धं सामान काढलंय: स्वादुपिंडाचा शेपटाकडचा भाग, प्लीहा, जठराचा तुकडा, वीतभर आतडं. कॅन्सरची गाठ मात्र सगळी निघाली म्हणतात. पोटातून एक नळी बाहेर काढली आहे, तिच्या टोकाला पिशवी. सिस्टर रोज सकाळी सातला पिशवी रिकामी करून माप तक्त्यावर लिहितात. पिशवीवर मापाच्या रेघा आहेत, खाली तोटी. चाळीस वर्षं प्लंबरकी केली. तोटी बरी आहे, गळत नाही.

मंगळवार, ४
शेजारच्या खाटेवर मास्तर आहेत. ऑपरेशन माझ्यासारखंच, आठ दिवस आधीचं. म्हणाले, तुम्ही प्लंबर ना, मग दोघांचीही गळती तुम्हीच बघा. हसलो तर टाके ओढले. डॉक्टर आले. माझं माप तीनशे मिली. पन्नासच्या खाली आलं की नळी काढू, मग घरी, असं हसत सांगितलं. मास्तरांचा तक्ता बघून मात्र हसले नाहीत.

बुधवार, ५
मास्तरांचं माप वाढलं. पुन्हा ऑपरेशनला आत नेलं. जाताना चष्मा माझ्याकडे ठेवला. सिस्टरना विचारलं, हे गळतं तरी काय? त्या म्हणाल्या, "आजोबा, तो रस अन्न पचवतो. पोटात सांडला तर तुम्हालाच पचवायला लागेल. म्हणून तर ही नळी."

गुरुवार, ६
मास्तरांच्या खाटेवर नवी चादर. त्यांच्या बाई चष्मा न्यायला आल्या. चष्म्याची काच पदराने पुसत राहिल्या.
माझं माप तीनशे वीस. मला दुसऱ्यांदा आत जायचं नाही.

शुक्रवार, ७
सहाला तोंड धुवायला गेलो आणि तोटी उघडली. निम्म्याहून जास्त बेसिनात सोडलं. तक्त्यावर एकशे वीस. डॉक्टर खूश. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

रविवार, ९
काल साठ. आज चाळीस. नळी काढली.
बोटावर थेंब सांडला होता, तिथली कातडी सोललीय.

सोमवार, १०
घरी सोडणार होते. थोडा ताप आला म्हणून थांबवलं. डाव्या बरगडीखाली ठणकतंय. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की आत नेतील.

मंगळवार, ११
नळीच्या भोकातून पाणी येतंय. वर रुमाल दाबलाय. भोवतीची कातडी लाल, सोललेली – बोटासारखीच. गळती थांबली नव्हती. मी फक्त तिची वाट बंद केली – आता आतच मुरतंय – लोकांच्या भिंती फोडून हेच दाखवत आलो जन्मभर –
थोरलीने विचारलं, बाबा, एवढा घाम का? म्हटलं, उकडतंय.

बुधवार, १२
उलटी. लाल. पुन्हा – बेल दाबली, सिस्टर डॉक्टरांना आणायला धावल्या. आवाज फुटत नाही. थोरले, ही वही डॉक्टरांना दाखव. तक्ता खोटा आहे. शुक्रवारी एकशे वीस नाही – साडेतीनशे. शनिवारी साठ नाही – चारशे. रविवारी चाळीस नाही – रविवारी